शेपटीमागचे दोन फूट

उत्तमराव मास्तरांच्या छातीचं माप घेत असताना तळ्याच्या बाजूला धडाका झाला आणि तय्यब म्हणाला, "सदोतीस."

मास्तर दोन्ही हात पसरून उभे होते, ते तसेच राहिले. "सदोतीस कायची, तय्यबभाई? मागच्या वक्ताले तुमीच चवतीस मोजली होती. मले काय सूज आली?"

तय्यबने पाहिलं. मास्तरांच्या पाठीमागे टेपेला तीन इंचांचा झोळ पडला होता. तो त्याने सोडला नव्हता, त्याच्या डाव्या अंगठ्याने सोडला होता. आवाजाबरोबर अंगठा आपल्या मनाने सरकला होता, सराईतपणे, आणि आकडाही न अडखळता निघाला होता, लांब उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जावा इतका मोठ्याने. मंगरूळपीरला परत येऊन त्याला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत त्याने तालुक्यातल्या निम्म्या लोकांच्या छात्या, कंबरा, बाह्या मोजल्या होत्या आणि एका सुताची चूक केली नव्हती. त्याला वाटलं होतं, अंगठा विसरला. तेवढ्यात दुसरा धडाका झाला. कपाटावरची बटनांची बरणी थरथरली. मास्तर म्हणाले, "चांदची सुरुंग दिसते. कोनाची विहीर लागली आता?" पण विहिरीतला सुरुंग कसा वाजतो ते तय्यबला माहीत होतं. तो कोरडा, फुटका वाजतो, मागून दगडांचा पाऊस पडतो. हा आवाज दबका होता, शेजारच्या घरात कुणी दार आपटावं तसा. असा आवाज त्याने या गावात कधी ऐकला नव्हता, आणि दुसरीकडे एकाच दिवसात ऐकून तो कानात कायमचा बसला होता. मास्तरांना तसंच हात पसरलेलं सोडून तो बाहेर पडला. कैची हातातच राहिली.

तिकडे, दक्षिणेच्या समुद्रात, आधी तोफेचा आवाज व्हायचा. छोट्या आगबोटीच्या नाकावर तोफ असायची, तिच्यातून माणसाच्या मांडीएवढा जाड लोखंडी भाला सुटायचा आणि भाल्याच्या टोकाला दारूचा गोळा असायचा. भाला देवमाशाच्या अंगात शिरला की तीनपर्यंत मोजायचं. मग हा दुसरा आवाज, आतून. जनावर तरीही मरायचं नाही. ते दोर ओढत पळायचं, आणि डोक्यावरच्या भोकातून जो पाण्याचा फवारा उडायचा तो लाल उडू लागायचा. बोटीवरचे लोक तेव्हा ओरडायचे, चिमणी पेटली! कधी तासभर पेटलेली राहायची. तय्यब एकदाच त्या बोटीवर गेला होता. परत आल्यावर त्याने कपडे काढले तेव्हा सदऱ्याचा पुढचा भागसुद्धा लाल होता, आणि त्याला कळेना की आपण तर तोंड फिरवून उभे होतो, मग छातीवर कसं आलं.

तळं गावाबाहेर अर्ध्या कोसावर होतं. ज्येष्ठ संपत आला होता, पाणी मध्ये गोळा झालं होतं आणि काठाला चिखलाच्या भेगा पडल्या होत्या. पाण्यावर सगळीकडे पांढरं पांढरं तरंगत होतं. जवळ गेल्यावर ती माशांची पोटं निघाली. मरळ, शिंगट्या, वाम, बोटभर लांबीची बारीक मच्छी, सगळे उलटे. काही अजून कल्ले हलवत होते. दौलतरावांची माणसं गुडघाभर पाण्यात उतरून टोपल्यांनी मासे उपसत होती. दौलतराव या तळ्याचे ठेकेदार. त्यांचा ठेका महिनाअखेर संपत होता, आणि पुढच्या सालापासून तळं भोयांकडे जाणार असा हुकूम तहसिलीतून निघाला होता. दौलतराव स्वतः बांधावर छत्री उघडून उभे होते, शांतपणे, शेतातलं काम पाहावं तसे. आणि पाण्याच्या कडेला उघडाबंब, भिजलेला, हातात वातीची गुंडाळी घेतलेला चांद. तय्यबच्या बहिणीचा, सरवरीचा नवरा.

"आले का साले!" चांद हसून ओरडला. "या, या! तुमी समिंदरात मोठमोठे मासे पाह्यले म्हन्ता, हे पाहा आमचे."

तय्यब खाली बसला. हाताशी आलेली एक मरळ त्याने उचलली. ती हातभर लांब होती, अंगावर ओरखडा नव्हता, फक्त कल्ल्यांतून बारीक रक्त येत होतं. त्याने कैचीचं टोक शेपटीकडच्या भोकात घातलं आणि पोट गळ्यापर्यंत उसवलं. आतली हवेची पिशवी चिंधी झाली होती. कणा मधोमध तुटला होता. आणि दोन्ही बाजूंनी पिवळी, दाट, बाजरीच्या दाण्यांसारखी अंडी, इतकी की ती आपोआप बाहेर ओघळली आणि त्याच्या मनगटावरून चिखलात पडली. त्याने दुसरी उचलली. तिच्यातही तेच. तिसरीतही.

"अंडी हायेत ना?" मागून बाईचा आवाज आला. भोयांची रुपाबाई होती. खांद्यावर जाळं, आणि ते तिने दोन्ही हातांनी धरलं होतं, कुणी हिसकून नेईल तसं. "सांगतलं म्या याहीले. हात जोडले. म्हटलं, एवढे पंधरा दिस जाऊ द्या, पोटुशा हायेत त्या. म्हने, तुह्यासाठी ठेवू का?" ती थांबली. "वर आल्या त्या निम्म्याच, भाऊ. निम्म्या खाली बसल्या. उद्या पानी वास मारन."

दौलतरावांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "रुपा, मासे उन्हानं मेले. पानी तापलं. सुरुंग तं त्या पलीकडच्या विहिरीत लागली. व्हय ना रे, चांद?"

"व्हय मालक," चांद म्हणाला.

तय्यब उठला. हात धुवायला पाण्याकडे वाकला आणि तसाच परत फिरला. हात न धुता घरी आला. मास्तर निघून गेले होते.

घर चांदचं होतं. दुकानही चांदच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं. तय्यबच्या बापाचं शिंपीकाम बापाबरोबर संपलं, तेव्हा एकोणीस वर्षांचा तय्यब मुंबईला गेला आणि तिथून गोदीतल्या सारंगाने त्याला जहाजावर चढवलं. दहा वर्षं तो आला नाही. त्या दहा वर्षांत त्याची आई जैतुनबी लकव्याने अंथरुणाला खिळली. तिला उचलून अंगणात आणणारा, ऊन दाखवणारा, तिच्या जनाज्याला पहिला खांदा देणारा चांद होता. तय्यब परतला तेव्हा चांदने एका शब्दाने विचारलं नाही की इतके दिवस कुठे होतास. त्याने पुढच्या खोलीतलं आपलं सामान, सबली, घण, सुरुंगाच्या दारूचे डबे, सगळं मागे नेलं आणि म्हणाला, "मशीन इथं लाव. उजेड चांगला पडते." तो तसा माणूस होता. त्याचा राग आणि त्याची माया दोन्ही धावत यायची, आणि दोन्हीतून समोरच्याला धक्का बसायचा.

त्या दिवशी तय्यब मशीनवर बसून राहिला आणि चाक फिरलं नाही. दक्षिणेकडे, जिथे उन्हाळ्यात सूर्य नीट मावळतच नाही, तिथे एका बर्फाळ बेटावर देवमासे कापायचा कारखाना होता. समुद्राच्या काठाला लाकडी फळ्यांचं भलंमोठं अंगण, चरबीने बुळबुळीत, त्यावर एका वेळी दोन दोन, तीन तीन जनावरं ओढून आणलेली. खिळेवाले बूट घातलेली माणसं त्यांच्या अंगावर चढायची आणि लांब दांड्याच्या सुऱ्यांनी चरबी सोलायची, केळीचं साल काढावं तशी. आतडी निसटली की अंगणभर पसरायची आणि माणसं त्यात गुडघ्यापर्यंत रुतायची. त्या सगळ्याच्या मधून टर्नर साहेब नावाचा एक सडपातळ, सर्दीने कायम नाक ओढणारा माणूस वही घेऊन फिरायचा. तो कारखान्याचा नव्हता. त्याला सरकारने पाठवलं होतं, समुद्रात देवमासे किती उरलेत, ते कधी व्यायतात, काय खातात, दर साली किती मारले तर वंश टिकेल, हे शोधून काढायला. त्याला मदतीला माणूस हवा होता. जहाजावरच्या कोळशाच्या खोलीत त्याने विचारलं, मोजमाप कुणाला येतं? तय्यबने हात वर केला. मी शिंपी आहे, म्हणाला. साहेब खोकेपर्यंत हसला आणि म्हणाला, बस्स, तूच.

आणि तय्यबला ते काम आवडलं होतं. हे तो कुणाला सांगू शकला नसता. एवढ्या रक्तात एखादी गोष्ट आवडते हे सांगायचं कसं? साहेब त्याला हातवारे करून शिकवायचा. पोट फाडलं की त्यातून लाल झिंग्यांसारख्या किड्यांचा ढीग पडायचा, गाडाभर, त्यातले मूठभर बरणीत ठेवायचे. मादीचे अंडाशय काढायचे, ते परातीएवढे असायचे, आणि त्यावरचे वण बोटांनी चाचपून मोजायचे. जितके वण तितकी तिची बाळंतपणं, असा साहेबाचा हिशेब. गर्भात पिल्लू असलं तर त्याचंही माप घ्यायचं. एकदा अठरा फुटांचं निघालं, गुळगुळीत, पूर्ण, डोळे मिटलेलं, आणि फळ्यांवर पडताना त्याचा जो आवाज झाला तो ऐकून सुरीवाल्यांनीही क्षणभर हात थांबवले होते. साहेब त्या दिवशी जेवला नाही. त्याने तय्यबला कागदावर चित्र काढून दाखवलं: एक मोठा मासा, एक लहान. लहानाला त्याने फुली मारली. साठ फुटांखालचे मारायचे नाहीत, असा त्या कारखान्याच्या परवान्यात नियम होता. जी अजून एकदाही व्याली नाही तिला मारलं तर पुढे काही उरणार नाही. म्हणून लांबी. सगळं लांबीवर.

लांबी मोजताना साहेब थोबाडाशी वही घेऊन उभा राहायचा आणि तय्यब टेपेचं शून्य घेऊन दुसऱ्या टोकाला, शेपटीच्या मधल्या खाचेशी. मध्ये साठ-सत्तर फूट मांस, त्यावर वाफ आणि धुकं. साहेबाला तय्यबचं डोकंसुद्धा दिसायचं नाही. कारखान्याच्या अंगणाचा मुकादम हाल्वर नावाचा होता. पहिल्या आठवड्यात एक लहान नर आला. तय्यबने नजरेनेच ओळखलं, सत्तावन्न, जास्तीत जास्त अठ्ठावन्न. हाल्वर त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि बुटाच्या टोकाने त्याचा पाय ढकलला, मागे, खाचेच्या मागे दोन फूट, मोकळ्या फळीवर. तय्यब परत खाचेशी आला. हाल्वरने त्याला पुन्हा ढकललं. तय्यब पुन्हा आला. तेव्हा हाल्वरने त्याचं डावं मनगट धरलं, शेजारून वाफेची नळी जात होती तिच्यावर त्याचा तळवा टेकवला, आणि स्वतःच्या भाषेत हळू आवाजात मोजलं. आठपर्यंत. तय्यबने साहेबाला हाक मारली होती की नाही हे त्याला आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की नंतर तो खाचेच्या मागे दोन फुटांवर उभा होता आणि धुक्यातून साहेबाचा आवाज आला, रेडी? आणि त्याने म्हटलं, रेडी. साहेबाने मोठ्याने वाचलं, साठ.

एक्केचाळीस. त्या उन्हाळ्यात असे एक्केचाळीस झाले. पहिल्या तिघांनंतर हाल्वरला जवळ यावंही लागलं नाही. तो लांबून नुसता पाहायचा, आणि तय्यबचा अंगठा टेप घेऊन मागे सरकायचा. शेवटी एकदा तय्यबने साहेबाला गाठलं. त्याच्याकडे इंग्रजीचे दहा शब्द होते. तो म्हणाला, "टेप, साहेब. टेप बॅड." साहेबाने टेप हातात घेऊन उलटसुलट पाहिली, त्याच्या पाठीवर थोपटलं आणि पेटीतून नवीकोरी टेप काढून दिली. तय्यबने ती घेतली. निघायच्या दिवशी साहेबाने वहीतला तक्ता दाखवला. त्यात उभ्या रेघांची लांबच लांब रांग होती, आणि एका जागी, साठाच्या पुढे, तिला फुगवटा आला होता. साहेबाने तिथे बोट ठेवलं. पूर्ण वाढलेली जनावरं भरपूर आहेत असं तो म्हणत होता. असंच आणखी पाच वर्षं चालायला हरकत नाही. त्याने तय्यबचा हात हातात घेऊन जोराने हलवला. डावा हात, भाजलेला, तय्यबने पाठीमागे ठेवला होता.

भोयांनी तहसिलीत अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी नायब तहसीलदार गोविंदसिंग घोड्यावरून येणार म्हणून निरोप आला, आणि निरोपाच्या मागोमाग दुकानाच्या दारात सरवरी येऊन उभी राहिली. हाताला पीठ होतं.

"मास्तर म्हन्ते का तुले पंच करून राह्यले."

"व्हय. मासे फाडून पाह्यता येते म्हनून माह्यं नाव देल्लं त्याहीनं."

"काय सांगशीन?"

तय्यबने टेप गुंडाळायला घेतली.

"सुरुंगीनं मासे मारनं म्हन्जे जेल हाये. मले माहीत हाये कायदा. तुले काय सांगाचं हाये? उन्हानं मेले सांग. कोन पाह्यते माशाच्या पोटात?"

"म्या पाह्यलं, सरवरी."

"तं इसर!" ती खाली वाकून पिठाच्या हाताने उंबरठ्यावर थापड मारत म्हणाली. "अम्मीचं तोंड इतके साल कोनं धुतलं? तुनं? तुले मासे पाह्यजे का बहीन पाह्यजे, तेवढं सांग मले."

तिला तो सगळं सांगू शकला असता. खाच, वाफ, एक्केचाळीस. पण मग ती विचारेल, तिथं गोऱ्याच्या भीतीनं खोटं बोलला, मग इथं घरच्यासाठी बोलायला काय होतं? याला उत्तर होतं. ते असं: तिथे भीतीने, इथे मायेने, आणि दोन्ही वेळा अंगठा तोच. पण हे उत्तर बहिणीच्या तोंडावर फेकण्यासारखं नव्हतं. ती निघून गेली तेव्हा उंबरठ्यावर पिठाचा पंजा उमटला होता. तो त्याने पुसला नाही, ओलांडलाही नाही. मागच्या दाराने बाहेर पडला.

तळ्यावर वास सुटला होता. खाली बसलेली मच्छी वर येऊ लागली होती, फुगून, डोळे पांढरे होऊन, आणि काठाला घारी उतरल्या होत्या. गोविंदसिंगांनी नाकाला रुमाल लावला आणि बांधावर खुर्ची मांडायला सांगितली. दौलतराव हजर होते. त्यांनी शांतपणे उन्हाचं सांगितलं. चांदने विहिरीचं सांगितलं. रुपाबाईने जे पाहिलं ते सांगितलं, आणि दौलतराव हसून म्हणाले, "तिले तळं पाह्यजे, साहेब. ते तं म्हननच."

"दर्जी कुठे आहे?" गोविंदसिंगांनी विचारलं.

तय्यबने ओल्या पोत्यावर मासे ओळीने मांडले, डोकी एका बाजूला, शेपट्या दुसऱ्या बाजूला. टेप काढली. पहिल्या मरळीच्या थोबाडाला एक टोक लावलं आणि दुसरं शेपटीच्या टोकाशी आणलं. अंगठा तिथून मागे सरकू पाहत होता. त्याने उजव्या हाताने अंगठा दाबून धरला, एखाद्या जनावराला धरावं तसा, आणि आकडा सांगितला. कारकुनाने लिहिला. दुसरी. तिसरी. मग कैची. एकेक पोट उसवून त्याने गोविंदसिंगांना दाखवलं: ही हवेची पिशवी, ही फाटली. हा कणा, तुटला. उन्हानं मेलेल्या माशाचा कणा तुटत नाही, साहेब. ही अंडी. चाळीस मासे फाडले. एकोणतीस माद्या. एकोणतीसच्या एकोणतीस भरलेल्या. बोलताना त्याचा आवाज त्यालाच परका वाटत होता, चढलेला, जवळजवळ आनंदी. आणि एकतिसाव्या माशाच्या सुमारास त्याला कळलं की हा आनंदच आहे, आणि त्याला त्याची लाज वाटली, कारण समोर चांद उभा होता आणि चांदच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत चाललं होतं.

"पाण्यात सुरुंग कोणी लावला?" गोविंदसिंग म्हणाले. "तू पाहिलंस?"

"वात त्याच्या हातात होती," तय्यब म्हणाला. "चांदच्या. मालक बांधावर उभे होते."

चांद आधी हसला. "साले," तो म्हणाला, हळूच, थट्टेत म्हणावं तसं. मग त्याने शेजारी पडलेली सब्बल, सुरुंगाची लोखंडी पहार, उचलली. कुणी हलायच्या आत ती पोत्यावर आली. तय्यबचा उजवा हात कैचीसकट माशांवर टेकलेला होता. पहिला घाव बोटांवर बसला. हाडं मोडल्याचा आवाज त्याने ऐकला, वेदना मागून आली. दुसरा घाव मनगटाच्या वर. अंडी उडून त्याच्या तोंडावर, डोळ्यांत गेली. "माह्या घरात खाऊन," चांद ओरडत होता, "माह्या घरात निजून!" आणि तिसऱ्यांदा सब्बल उचलायला त्याने दोन्ही हात वर नेले, तेव्हा त्याची बरगडीखालची कूस तय्यबच्या डोळ्यांसमोर उघडी आली. एक अख्खा उन्हाळा तय्यबने जनावरं उघडली होती. कुठे मऊ असतं, कुठून सुरी आत शिरते, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. कैची डाव्या हातात कधी आली ते त्याला कळलं नाही. सदऱ्याचं कापड टोकाखाली ताणलं गेलं, फाटलं, आणि मग तो दाबतच राहिला. हे त्याला नंतर नीट आठवत राहिलं: की एक क्षण होता, पुरता एक क्षण, ज्यात थांबता आलं असतं, आणि त्या क्षणात तो दाबत होता. टोक बरगडीवर अडलं. रुपाबाईने त्याचे केस धरून त्याला मागे खेचलं. चांद गुडघ्यांवर बसला. सब्बल पाण्यात पडली.

गोविंदसिंग खुर्चीवरून उठले होते. शिपायांनी चांदला धरलं होतं. मधल्या झटापटीत घारी उडाल्यामुळे आणि सगळे एकमेकांच्या अंगावर धावल्यामुळे काय झालं ते कुणी धड पाहिलं नव्हतं. चांदच्या कुशीतून रक्त धोतरावर उतरत होतं. गोविंदसिंगांनी तिकडे बोट केलं. "हे कशाने लागलं?"

चांदने तय्यबकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तय्यबला राग सोसला असता.

"पडलो, साहेब," चांद म्हणाला. "खडकावर."

कारकुनाने लिहिलं. तय्यब तिथेच होता, पोत्याजवळ, मोडलेला हात छातीशी धरून. रुपाबाई त्याच्याकडे पाहत होती. तिने पाहिलं होतं, तिला माहीत होतं. त्याने तोंड उघडलं. कैची अजून त्याच्या डाव्या मुठीत होती. मग त्याने तोंड मिटलं. पंचनाम्याच्या खाली त्याने डाव्या हाताचा अंगठा उठवला.

चांदला तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि अकोल्याच्या जेलात नेलं. दौलतरावांचं नाव कागदांत कुठेच राहिलं नाही. तळं ठरल्याप्रमाणे भोयांकडे गेलं, पण भोयांनी त्या साली त्यात जाळं टाकलं नाही, टाकण्यासारखं त्यात काही नव्हतं. तय्यबने मशीन चांदच्या घरातून काढलं आणि बाजाराच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या टपरीत ठेवलं. दवाखान्यात हाताला बांबूच्या खपच्या बांधल्या, तीन बोटं जुळायची नाहीत असं सांगितलं. शिवणकाम बंद होतं. तो दिवसभर मशीनशी बसायचा.

एका दुपारी तो मास्तरांकडे गेला आणि म्हणाला, इंग्रजीत एक कागद लिहून द्या. मास्तरांनी दौत पुढे ओढली. तय्यबने सांगितलं: टर्नर साहेबाला सलाम. सत्तावीस सालच्या उन्हाळ्यात ज्या जनावरांची लांबी साठ आणि बासष्टच्या मध्ये लिहिली आहे, त्यांतली एक्केचाळीस खोटी. प्रत्येकातून दोन फूट वजा करावे. टेप चांगली होती. हे मी केलं. त्याला तारखा आठवत होत्या, नर की मादी ते आठवत होतं, एकेका जनावराच्या अंगावरचे ओरखडे आठवत होते. मास्तर लिहीत गेले. मग टाक खाली ठेवून म्हणाले, "सा साल झाले, तय्यबभाई. मारलेले तं मेले. आता त्याले लिवून काय व्हते?"

"मेले ते मेले," तय्यब म्हणाला. "पन त्याच्या वहीत ते मोठे होऊन मेले."

मास्तरांनी पत्ता विचारला. तय्यबला फक्त लंडन माहीत होतं, आणि साहेबाचं नाव, आणि कामाचं नाव. तेवढंच लिहिलं. पत्राचं उत्तर आलं नाही. ते पोचलं की नाही हेही कधी कळलं नाही.

श्रावणात, बाजाराच्या दिवशी, सरवरी टपरीपुढे येऊन उभी राहिली. रस्ता भरलेला होता, भाजीवाल्या बसल्या होत्या, कामरगावकडचे बैलबाजारवाले चालले होते. तिने बगलेतून चांदचा सदरा काढला आणि त्याच्यापुढे धरला. धुतलेला होता. कुशीवर एक भोक होतं, लहान, कडा सरळ कापलेल्या.

"खडकानं असं भोक पडते?"

तय्यबने भोकाकडे पाहिलं. शिंप्याला काय पाहायचं असतं त्यात.

"खडक नाई," तो म्हणाला. "म्या. कैचीनं."

तिने सदरा त्याच्या मांडीवर टाकला आणि त्याच्या तोंडात मारली. मग पुन्हा. मग दोन्ही हातांनी, डोक्यावर, खांद्यावर, छातीवर. तोंडातून शब्द नाही, नुसता श्वास. बांगड्या फुटल्या आणि त्याच्या गालावर ओरखडे उठले. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, अरे, सोडवा, आणि कुणी सोडवलं नाही. तो हलला नाही. त्याला वाटलं ती थांबू नये. गळ्यातल्या झोळीची गाठ सुटली आणि मोडका हात मांडीवर पडला, तेव्हा त्याच्या तोंडून आवाज निघाला.

ती थांबली. धापा टाकत उभी राहिली. मग ती वाकली, त्याचा हात कोपराखाली धरून उचलला, झोळीत ठेवला, आणि मानेमागे गाठ मारली. पहिली गाठ सुटली, ती तिने पुन्हा मारली.

"शुक्करवारी अकोल्याले चालली म्या, त्याले भेटाले," ती म्हणाली. "तवरक शिवून ठेव."

ती गर्दीतून निघून गेली. लोकही पांगले. तय्यबने सदरा गुडघ्यावर पसरला, सुई दातात धरली आणि डाव्या हाताने दोरा ओवायला सुरुवात केली. दोरा चुकत होता. त्याने तो तोंडात घालून ओला केला आणि पुन्हा नेम धरला. शुक्रवारला तीन दिवस होते.